पुन्हा ‘सा’पासून

वासणा, बडोदे
रविवार, सकाळ

चि. छकुली,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तू रडत होतीस, म्हणून मी नुसती ऐकत राहिले. धीराचे चार शब्द बोलले असते तर तुला तेवढ्यापुरतं बरं वाटलं असतं, पण मला जे सांगायचं आहे ते चार शब्दांत मावणारं नाही. दोन दिवस मनात जुळवाजुळव केली आणि आज लिहायला बसले. हे पत्र तुझ्या मैत्रिणींना दाखवलंस तरी चालेल. तुमच्यातल्या बऱ्याच जणी याच वळणावर उभ्या आहेत, हे तुझ्याच बोलण्यातून मला कळतं.

तू म्हणालीस, ‘‘आत्या, आठ वर्षं शिकले, विशारद झाले, आणि बाई मला परत सा लावायला सांगतात. आठ महिने झाले. पहाटे खर्ज, संध्याकाळी यमन. माझ्याबरोबरच्या मुली कार्यक्रम करतात, त्यांचे व्हिडिओ हजारो लोक बघतात, आणि मी खोलीत एकटी एक स्वर धरून बसते. तोही धड लागत नाही.’’ मग जरा थांबून म्हणालीस, ‘‘मी सोडते गाणं.’’

सोडायचं की नाही हा निर्णय तुझा आहे. पण ‘परत सा लावायला सांगतात’ हे तू शिक्षा झाल्यासारखं बोललीस, त्याबद्दल मला बोलायचं आहे. कारण ते वाक्य मलाही ऐकावं लागलं, वयाच्या ५८व्या वर्षी.

माझी गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. दांडिया बाजारातल्या आपल्या घरातून मी सुरसागर तलावासमोरच्या कॉलेजात चालत जायची. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांच्या हाताखाली जी गायनशाळा सुरू झाली तीच ही. पुढे ती विद्यापीठात गेली, नाव बदललं; आम्ही मात्र ‘म्युझिक कॉलेज’च म्हणायचो आणि रिक्षावाले अजूनही तेच म्हणतात. २४व्या वर्षी लग्न झालं. मग शाळेतली नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा. गाणं कुणी बंद केलं नाही. कुणाला दोष द्यावा असं काही घडलंच नाही. एक दिवस राहून गेलं, मग आठवडा गेला, आणि गवसणीत घालून भिंतीला टांगलेला तानपुरा ३४ वर्षं तिथेच राहिला.

निवृत्त झाल्यावर गवसणी काढली तर भोपळ्याला चीर गेलेली. गळ्याचं त्याहून वाईट झालं होतं. सा लावला की सहा-सात सेकंदांत तो थरथरायला लागायचा. काळी चारला गाणारी मी काळी दोनपर्यंत खाली आले होते. शिकवायला जे सर मिळाले ते तिशीचे, माझ्या मुलाहून लहान. पहिल्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बागेश्रीतली जुनी बंदिश म्हणून दाखवली, कॉलेजात बक्षीस मिळालेली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि फार नम्रपणे म्हणाले, ‘‘काकू, आपण सा पासून घेऊ या.’’

परत येताना अकोट्याच्या पुलावर, रिक्षात, खाली विश्वामित्रीचं पाणी बघत मी रडले. तेव्हा मला उमगलं की इतकी वर्षं मी गात नव्हते, पण ‘मी गाणारी’ ही ओळख मात्र जपून ठेवली होती. तानपुऱ्यासारखीच, गवसणीत. सरांनी त्या दिवशी ती गवसणी सोडली. तुझ्या बाईंनी तुझ्या विशारदचं तेच केलं.

त्या दिवसांत मला भास्करबुवा बखल्यांनी सावरलं. पुण्यात शनिपाराजवळून जाताना तुला भारत गायन समाज दिसतो ना, तो १९११ साली सुरू करणारे भास्करबुवा. तुम्ही पुणेकर त्यांना आपले समजता, पण ते मूळचे आमच्या बाजूचे. सुरतेजवळच्या कठोर गावात १७ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मले, घरची गरिबी, आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे बडोद्यात. आवाज असा गोड की किर्लोस्कर नाटक मंडळीनं मुलाला आपल्यात घेतलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘रामराज्यवियोग’ १८८४ साली रंगभूमीवर आलं, त्यात भास्कर कैकेयी झाला. वय कोवळं, पंधराच्या आसपासचं. संगीत नाटक तेव्हा नवीन होतं, ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ यांनी लोकांना वेड लावलं होतं, आणि त्या मंडळीत गाणारा मुलगा म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको.

मग त्याचा आवाज फुटला.

मुलगे वयात येताना कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एका सप्तकानं खाली उतरतो. कुणाचा अलगद उतरतो. कुणाचा असा विखुरतो की तोंड उघडल्यावर कुठला आवाज येईल याचा भरवसा राहत नाही. नाटक मंडळीचं पोट गळ्यांवर चालायचं. भास्करला मंडळी सोडावी लागली. त्या काळात अशी किती मुलं मंडळ्यांमधून बाहेर पडली असतील आणि पुढे काय करत जगली असतील, त्यांची नावंही आपल्यापर्यंत आलेली नाहीत. फुटलेल्या आवाजाचं पुढे काय करायचं हे त्यांना सांगणारं कुणी भेटलं नसेल, किंवा सांगितलेलं त्यांना सोसवलं नसेल.

भास्कर बडोद्याला परत आला तो फैज महंमद खाँसाहेबांकडे. ग्वाल्हेरची गायकी, दरबारातली नोकरी. त्या काळी उस्तादाकडे शिकणं म्हणजे घरात पडेल ते काम करायचं आणि मिळेल तेव्हा, मिळेल तेवढं कानात साठवायचं. ब्राह्मणाच्या मुलानं मुसलमान उस्तादाच्या पायाशी बसणं त्या काळी सोपं नव्हतं, आणि उस्तादानं घरची विद्या परक्या मुलाच्या गळ्यात घालणं त्याहून अवघड होतं. दोन्ही घडलं. पण मी रात्री जागून विचार करायची तो वेगळ्याच गोष्टीचा. या मुलाला टाळ्या कशा वाजतात ते माहीत होतं. हजार माणसं गप्प होऊन ऐकतात म्हणजे काय, हे त्यानं अनुभवलं होतं. आणि आता तो बडोद्यातल्या एका खोलीत, आपल्याच अनोळखी झालेल्या आवाजात, सा लावत होता. ऐकायला उस्ताद, भिंती आणि स्वतःचे कान.

छकुली, एवढ्यावर थांबलं असतं तरी ती मोठी गोष्ट झाली असती. पण पुढे ते आग्रा घराण्याच्या नत्थन खाँसाहेबांचे शिष्य झाले. ग्वाल्हेर पक्कं झाल्यावर आग्रा म्हणजे आवाज लावण्यापासून सगळं बदललं. नोमतोमची आलापी, लयीशी झुंजणारी बोलबाट, सुराचं वजनच वेगळं. म्हणजे दुसऱ्यांदा सा. नत्थन खाँ १९०१ साली गेले. भास्करबुवा तेव्हा तिशी ओलांडलेले, नावाजलेले गवई. आता ‘बुवा’ म्हणून बसायचे दिवस. आणि हा माणूस अल्लादिया खाँसाहेबांकडे गेला, त्यांची जयपूरची गायकी शिकायला. तिसऱ्यांदा सा.

त्यांच्याबद्दल लोक सांगतात ते सगळं खरं आहे. तीन घराण्यांचा संगम एका गळ्यात झाला, १९१६ साली आलेल्या ‘स्वयंवर’च्या चाली त्यांच्या, बालगंधर्व त्यांना गुरू मानत, मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य, गोविंदराव टेंबे त्यांच्यापाशी बसले, पार पंजाबातून दिलीपचंद्र वेदी शिकायला आले. मला यातलं सर्वात मोठं वाटतं ते त्यांचं तीनदा विद्यार्थी होणं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त कमावलेलं होतं, म्हणजे प्रत्येक वेळी दाराबाहेर ठेवायचं ओझंही जास्त होतं.

गवयांच्या गोष्टींमध्ये रियाजाचे तास सांगायची पद्धत आहे. सोळा तास, अठरा तास, झोप येऊ नये म्हणून शेंडी खुंटीला बांधली. मला या गोष्टी आवडत नाहीत, आणि तुम्ही मुली त्या एकमेकींना सांगता तेव्हा मला तुमची काळजी वाटते. तास मोजता येतात म्हणून सांगितले जातात. तिसऱ्या उस्तादाच्या उंबऱ्यावर आधीचे दोन बाजूला ठेवायला काय लागत असेल, ते मोजता येत नाही म्हणून गोष्टीत येत नाही. आणि जिला तास मोजायची सवय लागते, ती ज्या महिन्यात तासांचा मोबदला मिळत नाही त्या महिन्यात सोडते. तू या आठ महिन्यांचे तास मोजलेस ना? मला खात्री आहे, मोजलेस.

तू आणखी एक बोललीस, ‘‘माझी श्रद्धाच संपली गं.’’

या शब्दावर मी बरीच अडखळले आहे. आधी मला वाटायचं श्रद्धा म्हणजे ‘मला जमणार आहे’ असा विश्वास. पण तो तर अंदाज. कधी खरा ठरतो, कधी ठरत नाही, आणि माझ्या वयात तो बाळगणं शक्यही नव्हतं. मी आता मैफलीची गायिका होणार नाही. मग रोज पहाटे पाचला उठून मी कशाच्या जोरावर बसते? याचं उत्तर मला मिरजेला मिळालं.

चीर गेलेला तानपुरा घेऊन मी मिरजेला गेले होते. तिथली तंतुवाद्यं करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. भोपळे भीमाकाठचे, पंढरपूरच्या बाजूचे. वेलीवर मोठे करून, वाळवून, पारखून घेतलेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी गेले ती त्याच्या आधीची गोष्ट. भोपळ्याची चीर त्यांनी दोन दिवसांत बुजवली. मी मुक्काम वाढवला तो घोडीची जवारी काढून घेण्यासाठी.

एक वयस्क कारागीर खाली मांडी घालून बसले होते. घोडीवरचा पृष्ठभाग कानशीनं घासायचा, तार चढवायची, छेडायची, कान देऊन ऐकायचं, तार उतरवायची, परत घासायचं. कधी चार घास, कधी एकच. डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता. मी जवळजवळ अर्धा दिवस बघत होते. घाईचं लक्षण नाही, कंटाळ्याचं नाही. एका तारेला त्यांनी अकरा वेळा चढवलं-उतरवलं. शेवटी तारेखाली सूत सरकवलं, आणि तार बोलली. तानपुरा कसा भरून आला ते लिहून सांगता येणार नाही. तू तो अनुभव घेतला आहेस.

मग त्यांनी मला फक्त खर्जाची तार छेडून ऐकायला सांगितलं. ‘‘गंधार ऐका,’’ म्हणाले.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं: खर्जाच्या तारेतून गंधार निघतो, कुणी तो लावलेला नसतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं कंपन त्याच तारेत चाललेलं असतं, त्याचा तो स्वर. परीक्षेत मी हे लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. ऐकला मात्र कधीच नव्हता. तेव्हाही नव्हता आणि मिरजेतही नाही. मी मान हलवली, कारण नाही म्हणायची लाज वाटली. त्यांनी ओळखलं. काही बोलले नाहीत, नुसते हसले आणि परत छेडला.

बडोद्याला येऊन मी रोज पहाटे आधी दहा मिनिटं नुसता तानपुरा ऐकायला लागले. गायचं नाही, फक्त ऐकायचं. एक महिना, दोन महिने. काही नाही. पावसाळा गेला. नवरात्र झालं, आणि आमच्याकडे नऊ रात्री गरबा म्हणजे पहाटे कान दमलेले असायचे, तरी बसले. दिवाळीनंतर एका पहाटे, थंडी नुकती पडायला लागली होती, खिडकी बंद होती, मी काहीतरी भलताच विचार करत होते, भाजीचा की कसला. आणि तो होता. स्पष्ट, वर, बारीक उजेडासारखा. गंधार. मी छेडणं थांबवलं तर गेला. परत छेडलं तर परत आला. त्या दिवसापासून तो रोज ऐकू येतो. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता, फक्त माझे कान तयार नव्हते.

मला श्रद्धेचा अर्थ तेव्हापासून एवढाच माहीत आहे: ऐकू येत नसतानाच्या दिवसांतही बसणं. ऐकू आल्यावर बसायला श्रद्धा लागत नाही, तेव्हा ओढच लागते. तुझे आठ महिने हे ऐकू न येण्याचे महिने आहेत. बाई तुला सा लावायला सांगतात तेव्हा तुझ्या सा मध्ये काय आहे ते त्यांना ऐकू येत असेल, तुला अजून येत नाही. त्यांचे कान तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आहेत.

हे पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसणं फक्त गाण्यात घडतं असं नाही. आपल्याच जिल्ह्यात डभोईला जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे बघ. तरुणपणी, १९०७ ते १९१०, इथे बडोद्यात जुम्मादादांच्या व्यायामशाळेत माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. (माणिकराव एवढे मोठे झाले, पण आखाड्याला नाव गुरूचं, जुम्मादादांचं. जाता-येता ती पाटी वाचते तेव्हा मला नेहमी बरं वाटतं.) पुढे गुणे अमळनेरला कॉलेजचे प्राचार्य झाले. आणि १९१९ साली, वयाच्या छत्तिशीत, नर्मदेच्या काठी माळसरला परमहंस माधवदासजींपाशी जाऊन पुन्हा शिष्य झाले. शरीर कमावलेला, मान मिळवलेला माणूस श्वास कसा घ्यायचा हे पहिल्यापासून शिकायला बसला. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू करणारे स्वामी कुवलयानंद ते हेच. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायचं काम त्यांनी हाती घेतलं, आणि १९६६ साली जाईपर्यंत सोडलं नाही.

आणि एकटेपणाचं म्हणशील तर तुझ्या बाबाला क्रिकेटपटू अंशुमन गायकवाडांबद्दल विचार. तो तुला जेवण थंड होईपर्यंत सांगेल. १९७६ साली किंग्स्टनला ८१ धावांवर असताना मायकेल होल्डिंगचा चेंडू डाव्या कानावर बसला आणि कानाचा पडदा फाटला. त्या माणसानं १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा केल्या, ६७१ मिनिटं खेळून. अकरा तासांहून जास्त. भरलेल्या मैदानात, पण प्रत्येक चेंडूपुरता एकटाच. ३१ जुलै २०२४ रोजी ते इथे बडोद्यात गेले, तेव्हा तुझ्या बाबानं मला फोन केला आणि दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही. पण कानाला इजा झालेला माणूस पुन्हा जाऊन उभा राहतो आणि मग तिथून हलतच नाही, हे मला कळतं.

आता काही रोखठोक गोष्टी, कारण मी तुझी आत्या आहे आणि हे मला बोललंच पाहिजे.

नोकरी सोडू नकोस. भास्करबुवांनी सुद्धा धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकाची नोकरी केली. साधना करणाऱ्यानं उपाशी राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी ती कधी केलेली नसते. महिन्याचं भाडं भरलेलं असलं की सा स्थिर लागतो, हा माझा अनुभव आहे.

घसा तीन दिवसांपेक्षा जास्त बसला तर गाऊ नकोस, डॉक्टरकडे जा. गळ्याशी मारामारी करणाऱ्यांनी गळे घालवलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कठोर गुरू आणि अपमान करणारा गुरू यांत फरक असतो, तो ओळख. बाई तुझा सा शंभर वेळा लावून घेत असतील तर ते तुझ्यासाठी आहे. पण कुणी तुला चारचौघांत लहान करत असेल, तुला घाबरवून ताब्यात ठेवत असेल, तर त्या दारातून त्याच दिवशी बाहेर पड आणि मागे वळून बघू नकोस. श्रद्धेच्या नावाखाली सोसायची ही गोष्ट नाही. तुझ्या बोलण्यावरून बाई तशा वाटत नाहीत. तू म्हणालीस, तू रडलीस त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला आणि तानपुरा स्वतः छेडत बसल्या. अशी बाई मिळायला भाग्य लागतं, छकुली.

‘‘आणि एवढं करून मी साधारणच राहिले तर?’’ हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या रडण्यात होतं. तर राहशील. मी तुला खोटं सांगणार नाही. दरवर्षी या देशात हजारो मुली चांगलं गातात आणि त्यांतल्या थोड्यांचंच नाव होतं. नाव होण्यात नशीब असतं, ओळखी असतात, वेळ असते. सा लागण्यात यातलं काही नसतं. तो कष्टानं लागतो, उशिरा लागतो, पण ज्याचा लागतो त्याचा लागतोच, आणि तो कुणाला काढून घेता येत नाही. मी साधारणच गाणारी आहे. माझा सा आता पंचवीस सेकंद हलत नाही. हे सांगताना मला किती आनंद होतो, ते तू समोर असतीस तर तुला दिसलं असतं.

तुझ्या मैत्रिणींच्या व्हिडिओंचा राग करू नकोस. चांगलं गात असतील तर मनापासून दाद दे. फक्त एक लक्षात ठेव. भास्करबुवा ८ एप्रिल १९२२ रोजी गेले, वय अवघं ५२. त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. अल्लादिया खाँसाहेबांचंही नाही. तीनदा पहिल्यापासून सुरू करून जे कमावलं, त्यातला एक सूर आज यंत्रावर ऐकता येत नाही. ऐकू येतं ते मास्तर कृष्णरावांच्या तबकड्यांतून, बालगंधर्वांच्या गाण्यातून, आणि पुढे त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांतून. कदाचित तुझ्या बाईंच्या गळ्यातूनही थोडं येत असेल. एका गळ्यानं दुसऱ्या गळ्याला समोर बसवून दिलं, तेवढंच टिकलं.

आणि खोलीत तू एकटी असतेस म्हणालीस, त्यावर एक सांगते. मी इथे तिसऱ्या मजल्यावर, भायलीच्या बाजूची खिडकी लावून गाते, कुणाला त्रास नको म्हणून. सहा वर्षांत या इमारतीत मला गाण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. गेल्या महिन्यात ताप आला म्हणून दोन दिवस बसले नाही. तिसऱ्या दिवशी दूध घ्यायला खाली गेले तर पहिल्या मजल्यावरच्या बेननी हात धरला. ‘‘बेन, बे दिवसथी केम गातां नथी? तबियत तो सारी छे ने?’’ त्यांचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. पहाटे त्यांना झोप लागत नाही, आणि माझा खर्ज सुरू झाला की डोळा लागतो, म्हणाल्या. मी गेलं वर्षभर कुणालातरी झोपवत होते आणि मला पत्ता नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात राहू नकोस. बाईंना विचारून आठ दिवस इकडे ये. मोठे कार्यक्रम नकोत, पाहुण्यांकडे जाणं नको. पहाटे दोघी बसू, आधी दहा मिनिटं नुसतं ऐकू. सकाळी सेव-उसळ खाऊ, दुपारी तुला सुरसागरचं कॉलेज आतून दाखवीन. सोडायचं असेल तर तू त्यानंतर सोड, मी एक शब्द बोलणार नाही.

तानपुरा मी हल्ली काळी दोनला लावते. तू कळव कधी येतेस ते. आदल्या रात्री तारा चढवून काळी चारला लावून ठेवते.

तुझी,
आत्या